दिवा की दिघा?

नौपाडा, ठाणे

अगं मुली,

आधी अभिनंदन. हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा पास झालीस, लायसन्स हातात पडलं आणि आता 'व्ही यू थ्री'ने सुरू होणारी स्वतःची कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, मिळाली. पेढे मात्र अजून पोचलेले नाहीत. ऐरोली ते नौपाडा एवढंही लांब नाही.

तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य डोक्यातून जाईना. "काका, आता पूर आला तर मलाही काहीतरी करता येईल." वाक्य चांगलंच आहे, तुझ्या वयात मीही हेच म्हटलं असतं. पण त्यात पुराची जराशी वाट पाहिल्यासारखं वाटलं, म्हणून सविस्तर लिहायला बसलो. फोनवर तू "हो काका, हो काका" करतेस आणि त्यातलं काय ऐकलंस ते मला कळत नाही.

एक गोष्ट सांगतो. ती मी आपल्या मंडळींत फारशी काढत नाही.

२६ जुलै २००५. तू तेव्हा जन्मलीही नसशील. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आकडा तुला पाठ असेल. इकडे कळवा, मुंब्रा, दिवा आणि पुढे उल्हास नदीच्या काठाने कल्याण-बदलापूरपर्यंत पाणीच पाणी. वीज गेली. वीज गेली की मोबाइलचा टॉवर बॅटरीवर येतो आणि ती बॅटरी काही तासांची सोबतीण असते. जे टॉवर जिवंत होते त्यांच्यावर सगळं शहर एकाच वेळी "पोचलास का?" विचारत होतं. मी माझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, ओळखीच्या रिक्षावाल्याकडून आणलेल्या बॅटरीवर सेट लावून बसलो होतो. झोप नाही, चहावर चहा. खरं सांगायचं तर थोडी मिजासही चढली होती. सगळ्यांचे फोन बंद आणि आपलाच आवाज चालू, याची एक नशा असते. तुलाही ती चढेल, आत्ताच ओळखून ठेव.

२८ तारखेला दुपारी मुंब्र्याकडच्या एका मित्राने निरोप दिला. दिव्याला एका शाळेत माणसं आसऱ्याला आहेत, लहान मुलं बरीच आहेत, दुधाची पावडर, बिस्किटं, मेणबत्त्या आणि पिण्याचं पाणी पाठवा. सिग्नल खरखरत होता. मला 'दि' ऐकू आलं आणि पुढचं अक्षर मी मनाने भरलं. कागदावर लिहिलं, दिघा.

आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी टेम्पो भरूनच ठेवला होता. तो कळवा नाक्यावरून उजवीकडे वळला, विटाव्याच्या रेल्वे पुलाखालचं पाणी नुकतं उतरलं होतं त्यातून कसाबसा निघाला आणि दिघ्यात जाऊन शाळा शोधत फिरायला लागला. पारसिकच्या डोंगराच्या एका अंगाला टेम्पो आणि दुसऱ्या अंगाला ती मुलं. चूक ध्यानात येऊन टेम्पो उलटा फिरेपर्यंत तीन-साडेतीन तास गेले. कुणी दगावलं नाही, पण दुपारचं दूध मिळालं अंधार पडल्यावर. मित्राने बरोबर सांगितलं होतं. मी उलट विचारलं नाही, कारण मी स्वतःला अनुभवी समजत होतो.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक नव्या लॉगबुकच्या पहिल्या पानावर तारखेच्याही आधी मी तीन शब्द लिहितो, 'दिवा की दिघा?'

म्हणून तुला पहिलं काम सांगतो ते बोलण्याचं नाही. ऐकलेलं लिहायचं आणि लिहिलेलं वाचून दाखवायचं. समोरचा "बरोबर" म्हणेपर्यंत 'रॉजर' म्हणायचं नाही. नवखी पोरं रॉजर कशी म्हणतात ठाऊक आहे? हळदीकुंकवाला मान हलवतात तशी. रॉजर म्हणजे मला सगळं मिळालं. अर्धं मिळालं असेल तर "पुन्हा सांगा" म्हणायला लाज कसली?

गावाचं नाव आलं की फोड करायची. ए-बी-सीसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली म्हणणं तुला येतंच, आणि आपल्या बँडवर (आपल्या रेडिओ लहरींवर) ते हवंच. पण निरोप देणारा तलाठी असेल किंवा शाळेचा शिपाई असेल तर त्याला व्हिक्टर आणि गोल्फ काय कळणार? तिथे "व वडाचा की घ घराचा?" असं सरळ विचार. आपल्याकडे अशा जोड्या रग्गड आहेत. खारघर आणि खारेगाव घे. रेडिओवर मधलं अक्षर पावसाने खाल्लं की दोन्ही सारखीच.

आकड्यांचं तर विचारू नकोस. एकोणसाठ, एकोणसत्तर. त्रेसष्ट, त्र्याहत्तर. शाळेत पाढे म्हणताना गोड वाटतात, खरखरीत सिग्नलवर घात करतात. त्यातून पलीकडचा ऑपरेटर मराठी नसला तर संपलंच. आकडा नेहमी सुटा सांगायचा, पाच-नऊ, सहा-नऊ, आणि दोनदा सांगायचा.

निरोप लिहिण्याचा एक साचा असतो. क्रमांक, वेळ, कुणाकडून, कुणाला, मजकूर आणि मजकुरातल्या शब्दांची संख्या. शब्द मोजणं तुला खुळेपणा वाटेल. पण पाठवणारा "चौदा शब्द" म्हणाला आणि तुझ्या कागदावर तेरा भरले, तर कुठेतरी एक शब्द गळालाय हे तिथल्या तिथे कळतं. तो शब्द 'नको' असू शकतो. "बोट पाठवू नको" आणि "बोट पाठवू" यांत तेवढाच फरक आहे.

आणि मजकूर सुधारायचा नाही. अधिकाऱ्याने दोन टँकर लिहिले आणि तुला डोळ्यांनी दिसतंय की चार लागतील, तरी निरोपात दोनच जातील. तुझं म्हणणं त्याला वेगळं सांग, त्याने बदललं तर नवा निरोप नव्या क्रमांकाने पाठव. पोस्टमन पत्रात ओळी घालत नाही.

आता कायद्याचं थोडक्यात, कारण परीक्षेसाठी पाठ केलेलं पंधरा दिवसांत विसरतं. आपण हौशी. पैसे घ्यायचे नाहीत, सांकेतिक भाषेत बोलायचं नाही आणि एरवी तिऱ्हाइताचे निरोप वाहायचे नाहीत. आपत्तीत नेहमीची दळणवळणाची साधनं कोलमडली तर ती मुभा मिळते, पण तेव्हाही निरोप जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा असावा आणि तशाच अधिकाऱ्याला जावा, असा नियमाचा रोख आहे. माझा तो दुधाचा निरोप त्यात बसत होता का, हे तेव्हा कुणाला सुचलंच नाही. तुला मात्र आधीच सुचू दे. बोलावल्याशिवाय घटनास्थळी जायचं नाही. ठाण्यात आता महापालिकेचं आपत्ती प्रतिसाद दल, टीडीआरएफ आहे, मोठं काही झालं तर राष्ट्रीय दलाची, एनडीआरएफची पाचवी बटालियन तळेगावजवळच्या सुदुंबऱ्याहून येते. कंबरभर पाण्यात हँडी (हातातला छोटा सेट) घेऊन उतरलेली मुलगी त्यांच्यासाठी वाचवायचा आणखी एक जीव असते. तुझी जागा कंट्रोल रूममधल्या कोपऱ्यातली खुर्ची. तिथे कुणी फोटो काढत नाही.

तू विचारशील, त्यांच्याकडे सॅटेलाइट फोन आहेत, वायरलेस आहे, मग आपण कशाला? बहुतेक वेळा आपली गरज लागत नाही, हे आधीच गिळून टाक. पण पोलिसांचे सेट एकीकडे, अग्निशमन दलाचे दुसरीकडे, पालिकेचे तिसरीकडे, आणि हे एकमेकांशी बोलतीलच असं नाही. प्रत्येकाच्या कंट्रोल रूममध्ये आपला एकेक माणूस बसला की या खोल्या जोडल्या जातात. शिवाय पहिले काही तास. सरकारी साधनं जागेवर येईपर्यंतचे.

अंदमानचं बघ. २००४च्या डिसेंबरात आपल्यासारख्याच हॅम, भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला गेले होते ते त्सुनामीसाठी थोडेच? हॅम मंडळींना तिथून संपर्क मिळणं फार दुर्मीळ, म्हणून हौसेने अँटेना उभ्या करून जगभर बोलत बसले होते. २६ तारखेला समुद्र आत आला आणि त्याच हौसेच्या सेटवरून बेटांची खबर मुख्य भूमीवर जायला लागली. अँटेना आधी उभी होती, हात बसलेला होता, कान तयार होते. मला वाटतं, या छंदात आपत्तीची तयारी म्हणून वेगळं असं फार थोडं असतं. रोज सकाळी नेटवर चेक-इन करणारा म्हाताराच त्या दिवशी कामाला येतो. (नेट म्हणजे आपलं रेडिओवरचं, ठरल्या वेळी सगळे हजेरी लावतात ते. तुझ्या आईला नीट समजावून सांग, ती परवा म्हणाली, "रोज सकाळी नेटवर असते.")

अफवा. यावर एकच सांगतो. त्याच २००५च्या जुलैत, पाऊस ओसरल्यावर, धरण फुटलं, त्सुनामी आली, अशी बोंब उठली आणि जुहूच्या नेहरूनगरात चेंगराचेंगरीत माणसं गेली. पाण्याने सोडलेली माणसं बोलण्याने मेली. "कुणीतरी म्हणतंय" हे तुझ्या तोंडून बँडवर कधीही जाऊ नये. तू पाहिलंस का? नाही? मग कुणी पाहिलं, त्याचं नाव आणि वेळ लिही. आणि मृतांची नावं उघड्या बँडवर वाचायची नाहीत. कोण ऐकत बसलंय तुला दिसत नाही, त्या नावाच्या माणसाची बायकोही असू शकते. ती यादी कागदावरून हाताने पोचवायची.

आता तुझ्या भागाबद्दल. ऐरोली ते मुंब्रा हवेतून मोजलं तर जेमतेम चार-पाच किलोमीटर. हँडीवर पाच वॅटने हाक मार, मध्ये पारसिकचा डोंगर आहे, खरखरीशिवाय बहुधा काही हाती लागणार नाही. व्हीएचएफ, म्हणजे हँडीच्या लहरी, सरळ जाणारं पोर आहे, डोंगराला वळसा घालत नाही. रिपीटर, म्हणजे ऐकलेलं उंचावरून पुन्हा पाठवणारा सेट, चालू असेल तर प्रश्न नाही. पण मोठ्या पुरात रिपीटरचीही वीज जाते, आणि सगळे सराव रिपीटरवरच करणारे त्या दिवशी मुके होतात. कळव्यात उंच गच्चीवर आपला एक जण उभा केला तर त्याला दोन्ही बाजू ऐकू येतात, तो मधला सांधा. तिकडे घोडबंदर रोडला गायमुखापुढे रस्ता डोंगरामागे वळतो, तिथेही तीच गत. हे पुस्तकात सापडणार नाही. पावसाळ्याआधी चार रविवार हँडी घेऊन फिर आणि कुठून कोण ऐकू येतं ते नकाशावर पेन्सिलीने मांड.

पेन्सिलीनेच. पेन ओल्या कागदावर चालत नाही.

बॅगेत काय ठेवायचं याच्या याद्या तू इंटरनेटवरून उतरवल्या असशीलच. मी दोनच गोष्टींवर भर देतो. पहिली बॅटरी. माझा मोठा सेट पन्नास वॅटवर बोलताना दहा अँपिअरच्या आसपास ओढतो, ऐकताना अर्धा अँपिअरही नाही. सात अँपिअर-अवरच्या बॅटरीवर गप्पा मारत बसलीस तर तासाभरात अंधार. म्हणजे तिथेही कमी बोलणाऱ्याचंच भलं.

दुसरी, कनेक्टर. गच्चीवर अँटेना आणि केबल जिथे जुळते तिथे पाणी शिरतं. एकदा शिरलं की केबलच्या जाळीतून वातीसारखं खाली झिरपत येतं, तांबं हिरवं पडतं, एसडब्ल्यूआर (अँटेनातून परत फिरणाऱ्या शक्तीचं माप) चढतो आणि तुला वाटतं सेट बिघडला. माझी वीस मीटर केबल अशीच एका पावसाळ्यात फुकट गेली. रबराची ताणून चिकटणारी टेप खालून वर गुंडाळायची, कौलं घालतात तशी, म्हणजे वरचा थर खालच्यावर येतो. वरून साधी काळी टेप. आणि केबल भिंतीतून आत घेण्याआधी तिला खाली एक झोका द्यायचा, पाणी तिथूनच टपकून जातं. सोसायटीच्या सेक्रेटरींना मात्र आधी विचार. आमच्याकडे माझ्या डायपोलवर, म्हणजे तारेच्या अँटेनावर, कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता आणि मीटिंगमध्ये तो विषय दीड तास चालला.

येत्या रविवारी सकाळी सातला सेट लाव. मी नौपाड्यातून, तू तुझ्या गच्चीवरून, रिपीटर नाही, थेट. मी तुला पाच निरोप देईन, त्यांतल्या एकात मुद्दाम खोट ठेवेन. बटण दाबल्यावर श्वासभर थांबून बोलायला लाग, नाहीतर तुझं पहिलं अक्षर रस्त्यातच पडतं. तुझ्या कागदाचा फोटो मला आठ वाजता पाठव, त्याआधी फोन करून विचारायचं नाही.

टेपचं एक रिळ माझ्याकडे जास्तीचं आहे. पेढे घेऊन आलीस की देतो.

७३ (आपल्या भाषेत शुभेच्छा),
तुझा काका