मुख्यमंत्री मध्येच बदलला तर सत्ताधारी पक्ष नवा नेता कसा निवडतो? आमदार खरंच मतदान करतात का, आणि साध्या मतदाराला त्यात काही करता येतं का?

आमदारांची बैठक होते, पण निवड त्या बैठकीत होत नाही. हे ऐकीव सांगत नाही. अशा एका बैठकीचा ठराव मी स्वतः टाइप केला आहे, आणि तोही बैठक सुरू व्हायच्या अडीच तास आधी.

पक्ष कोणता आणि साल कोणतं, ते सांगणार नाही. ज्या आमदारांकडे मी नऊ वर्षं पीए होतो ते आता हयात नाहीत, त्यांच्या घरच्यांना त्रास नको. मी त्यांना साहेब म्हणायचो, इथेही तसंच म्हणतो.

मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिल्याची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी विधिमंडळ पक्षाची, म्हणजे पक्षाच्या सगळ्या आमदारांची, बैठक लागली. आम्ही रात्रीच मुंबईला निघालो. अर्ध्या वाटेपर्यंत साहेब गप्प होते. मग म्हणाले, "उद्या मी नाव घेणार. तिसऱ्यांदा निवडून आलोय. आता नाही बोलायचं तर कधी?" त्यांच्या मनातला माणूस आमच्या भागातला नव्हता, जातीचाही नव्हता. पण खात्यातल्या कामाचा त्याला अनुभव होता आणि सभागृहात तो तयारी करून उभा राहायचा. साहेबांनी मला कारणं लिहून घ्यायला सांगितली. गाडीतल्या दिव्याखाली मी एका कागदावर तीन मुद्दे लिहिले, चार घड्या घालून त्यांना दिला. त्यांनी तो शर्टाच्या खिशात चष्म्यामागे ठेवला. त्या रात्री मला त्यांचा फार अभिमान वाटला होता.

दुपारी सव्वातीनला पक्ष कार्यालयातल्या एका पदाधिकाऱ्याने मला हाक मारली. माझं मराठी टायपिंग वेगात होतं हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. "एक कागद काढून द्या." हातात मसुदा दिला. शब्द अजून पाठ आहेत: "विधिमंडळ पक्षाच्या आजच्या बैठकीत असा ठराव एकमताने संमत करण्यात येत आहे की, विधिमंडळ पक्षाच्या नेत्याच्या निवडीचे सर्वाधिकार माननीय पक्षाध्यक्षांना देण्यात यावेत." खाली डाव्या बाजूला 'सूचक', उजव्या बाजूला 'अनुमोदक', दोन्हींपुढे टिंबं. मी विचारलं, "एकमताने आत्ताच टाकायचं?" तो मान वर न करता म्हणाला, "मग कधी टाकायचं?"

बैठक पावणेसहाला होती. पक्षश्रेष्ठींनी पाठवलेले निरीक्षक अजून विमानतळावरून यायचे होते.

आल्यावर दोघे निरीक्षक एका खोलीत बसले आणि आमदार एकेक करून आत जाऊ लागले. याला 'मतं आजमावणं' म्हणतात, टीव्हीवर तुम्ही ऐकलं असेल. बाहेर एक कार्यकर्ता यादी घेऊन उभा. आत गेलेल्या माणसाच्या नावापुढे खूण करायची, पुढच्याला बोलवायचं. माणशी दोन मिनिटं, फार तर तीन. साहेब आत गेले आणि मिनिटभरात बाहेर आले. मी पाहिलं, ते काही बोलले नाहीत. थेट बैठकीच्या दालनात गेले. आम्ही पीए मंडळी बाहेर व्हरांड्यात. अठरा मिनिटांत दार उघडलं, बैठक संपली होती. मघाचाच कार्यकर्ता ठरावाचा कागद झेरॉक्ससाठी माझ्याकडे घेऊन आला. अनुमोदकाच्या टिंबांवर साहेबांची सही होती.

रात्री नऊच्या सुमारास नव्या मुख्यमंत्र्याचं नाव टीव्हीवर आलं. ज्यांनी त्याला 'निवडलं' होतं त्या साहेबांना ते नाव माझ्याबरोबरच, त्याच पट्टीवर वाचून कळलं.

परतताना त्यांनी तो कागद मला परत दिला. चारही घड्या मी घातल्या होत्या तशाच. म्हणाले, "त्यांनी कोण हवंय विचारलंच नाही रे. बसल्या बसल्या विचारलं, श्रेष्ठी जे ठरवतील ते मान्य आहे ना? आता याला नाही कसं म्हणायचं?"

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या या वाक्यात आहे. आमदाराला 'कोण' हे विचारलं जात नाही, 'मान्य ना' हे विचारलं जातं. पहिल्या प्रश्नाला दहा उत्तरं येऊ शकतात. दुसऱ्याला एकच, कारण दुसरं उत्तर दिलं की पुढचं तिकीट, मंत्रिपद, मतदारसंघातला निधी, सगळं डोळ्यांपुढे येतं. साहेब भित्रे नव्हते. पोलिसांच्या लाठ्या खाल्लेला माणूस होता तो. पण तो प्रश्नच असा रचलेला होता की त्यात धैर्याला जागा नव्हती.

आता कायद्याचं. संविधानाच्या कलम 164 मध्ये मुख्यमंत्री ठरवण्याबद्दल इतकंच आहे की मुख्यमंत्र्याची नियुक्ती राज्यपाल करतात. पक्षाने नेता कसा निवडावा, मतदान घ्यावं की नाही, यावर तिथे एक शब्द नाही. राज्यपाल पाहतात ते बहुमत आणि पाठिंब्याचं पत्र. आमदार नसलेला माणूससुद्धा शपथ घेऊ शकतो, सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहात निवडून आला की झालं. 2010 मध्ये पृथ्वीराज चव्हाण दिल्लीहून आले ते याच तरतुदीवर. ते पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री होते, इथे ना विधानसभेत ना विधान परिषदेत. म्हणजे पक्षाने मतदान घेतलं तरी कायदेशीर, फोनवर नाव कळवलं तरी कायदेशीर.

हे एका पक्षाचं नाही. 1982 मध्ये अंतुल्यांनंतर बाबासाहेब भोसले आले, साधारण वर्षभराने गेले. 1999 च्या जानेवारीत मनोहर जोशींना जावं लागलं आणि नारायण राणे आले, तो निर्णय मातोश्रीचा. 2023 च्या डिसेंबरमध्ये भाजपने राजस्थानात पहिल्यांदाच आमदार झालेल्या भजनलाल शर्मांना मुख्यमंत्री केलं. या निवडी चांगल्या होत्या की वाईट, हा वेगळा वाद. पण आमदारांनी नावं सुचवली, मतं पडली, मोजली, असं यातल्या एकाही ठिकाणी झालं नाही.

आणि जो बोलतो त्याचं काय होतं? 2008 च्या डिसेंबरमध्ये विलासरावांच्या जागी अशोक चव्हाणांचं नाव आलं तेव्हा राणे तेव्हाच्या त्यांच्या पक्षात, म्हणजे काँग्रेसमध्ये, जाहीरपणे बोलले. निलंबित झाले. ते प्रत्येक आमदाराने पाहिलं.

मतदान कधीच होत नाही, असंही नाही. 19 जानेवारी 1966 चं उदाहरण मी प्रत्येकाला सांगतो. पंतप्रधान शास्त्रीजी ताश्कंदला वारले, आणि काँग्रेसच्या संसदीय पक्षात खरीखुरी लढत झाली. इंदिरा गांधींना 355, मोरारजी देसाईंना 169. आकडे जाहीर झाले. त्या 169 मुळे पक्ष त्या दिवशी मोडला नाही. उलट, सव्वा वर्षाने, 1967 च्या निवडणुकीनंतर मोरारजींना उपपंतप्रधानपद आणि अर्थखातं द्यावं लागलं, कारण त्यांच्यामागे किती लोक आहेत हे देशाला माहीत होतं. हरलेल्याच्या मतांची नोंद राहिली की त्याला वजन राहतं. आमच्या साहेबांच्या मताची नोंद कुठे आहे? माझ्या कपाटात, चार घड्यांच्या एका कागदावर. अधिकृत कागदावर त्यांचं मत 'एकमताने' असं आहे, आणि तो शब्द मी टाइप केलाय.

यावरून माझा थोरल्या भावाशी वाद आहे, गेली कित्येक वर्षं. तो त्याच पक्षाचा जुना कार्यकर्ता. त्याचं म्हणणं, मतदान झालं की गट पडतात, एकमत म्हणजे शिस्त. दादा, तू हे वाचशील म्हणून लिहितो: गट बैठकीच्या आधीपासून असतात. मतदान त्यांना पाडत नाही, मोजतं. न मोजलेला गट रात्री वेगळ्या बंगल्यावर जमतो. 25 सप्टेंबर 2022 ला जयपूरमध्ये हेच झालं. काँग्रेसचे खर्गे आणि माकन निरीक्षक म्हणून येऊन बसले, बैठकीची वेळ झाली, आणि तेव्हाचे मुख्यमंत्री गेहलोत यांच्या गटाचे आमदार त्यांचे मंत्री शांती धारीवाल यांच्या घरी जमून तिथून राजीनामे द्यायला विधानसभा अध्यक्षांकडे गेले. बैठक झालीच नाही. एका ओळीचा ठराव पुढ्यात येणार हे त्यांना आधीच दिसत होतं. शिस्त राखायची ही पद्धत असेल तर तिने त्या दिवशी काय राखलं?

त्यानंतर आठ महिन्यांनी, मे 2023 मध्ये, त्याच पक्षाने कर्नाटकात आमदारांकडून गुप्त पद्धतीने मतं घेतली. निरीक्षकांमध्ये सुशीलकुमार शिंदे होते. 2004 ची निवडणूक शिंद्यांच्या मुख्यमंत्रिपदाखाली लढून आघाडी जिंकली आणि मुख्यमंत्री मात्र विलासराव झाले होते. त्या माणसाने मतपेटीशेजारी बसावं हे मला योग्य वाटलं. पण त्याच बैठकीत सर्वाधिकार पक्षाध्यक्षांना देणारा ठरावही झाला आणि मतांचे आकडे पक्षाने जाहीर केले नाहीत. म्हणजे अर्धंच पाऊल. तरी 'मान्य ना'पेक्षा शंभर पटीने बरं, कारण निदान 'कोण' हे विचारलं गेलं.

दादाच्या बाजूचं एक मान्य करतो. 1964 मध्ये नेहरूंनंतर कामराजांनी मतदान न घेता खासदारांशी आणि नेत्यांशी बोलून शास्त्रीजींचं नाव पुढे आणलं, आणि ते नाव उत्तम होतं. पण कामराज 'कोण' विचारत फिरले होते. तिथे फरक पडतो.

मतदान हाही काही रामबाण नाही. ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाचे खासदार फेऱ्या घेऊन दोन नावं उरवतात आणि शेवटचा निर्णय पक्षाचे सभासद करतात. 2022 मध्ये सभासदांनी ट्रस यांना 81,326 मतं दिली, सुनक यांना 60,399. ट्रस पन्नास दिवसही टिकल्या नाहीत, आणि मग सुनक बिनविरोध आले. खासदारांच्या शेवटच्या फेरीत मात्र सुनकच पुढे होते. ऑस्ट्रेलियात उलटं. तिथे खासदारांनी 2010 ते 2018 दरम्यान चार वेळा आपलाच पंतप्रधान बदलला, 2018 मध्ये मॉरिसन 45 विरुद्ध 40 असे निवडून आले. लोक कंटाळले. माझं मत विचाराल तर मत आमदारांनीच द्यावं, गुप्त द्यावं आणि आकडे त्याच संध्याकाळी लावावेत. सभासदांकडे नेऊ नये, निदान आपल्याकडच्या सभासद याद्या नीट होईपर्यंत तरी.

आणखी एक राहिलं. शिवसेनेतल्या फुटीवरच्या 11 मे 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हे स्पष्ट आहे की गटनेता आणि प्रतोद (सभागृहात पक्षाचा आदेश बजावणारा) नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळातल्या आमदारांच्या गटाचा नाही. त्यामुळे वर जे म्हटलं ते पक्षाने स्वतःहून करायचं आहे. आमदार कोर्टात जाऊन मतदान मागू शकत नाहीत.

मतदाराला काय करता येतं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. थेट काहीच नाही. पण तुमचा आमदार मतदारसंघात परत आला की त्याला चारचौघांत विचारा, निरीक्षकांनी तुम्हाला काय विचारलं आणि तुम्ही कोणाचं नाव घेतलंत. 'पक्ष ठरवेल ते' असं म्हणाला तर पुन्हा विचारा. आम्हाला त्या रात्री गावात पोहोचायला पहाट झाली. दारात शंभरेक लोक हार घेऊन उभे होते, साहेबांनी ठराव अनुमोदला हे टीव्हीवर दिसलं होतं म्हणून. त्यातल्या एकानेही हा प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर साहेबांनी खरं सांगितलं असतं. मी त्यांना नऊ वर्षं ओळखत होतो, आणि कागद तेव्हा माझ्या खिशात होता.