ऑटिझममध्ये मायक्रोग्लियांची (मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींची) भूमिका काय? त्यांना शांत करणारं औषध मुलाला द्यावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. ऑटिझममध्ये ग्लियल पेशी, म्हणजे ग्लिया (चेतापेशींना साथ देणाऱ्या पेशी; मायक्रोग्लिया हा त्यांतलाच एक प्रकार), बदललेल्या दिसतात, पण हे बदल कारण आहेत की परिणाम, हे ठरलेलं नाही.

मेंदूत ग्लिया आणि चेतापेशी ढोबळमानाने सारख्याच संख्येने असतात. ग्लियांपैकी ॲस्ट्रोसाइट जादा ग्लुटामेट (चेतापेशींमधलं संदेशवाहक रसायन) उचलतात, ऑलिगोडेंड्रोसाइट चेतातंतूंवर मायलिनचं वेष्टण चढवतात. मायक्रोग्लियांकडे लक्ष गेलं ते सिनॅप्सच्या (चेतापेशींमधल्या जोडण्यांच्या) छाटणीमुळे. वाढत्या मेंदूत सिनॅप्स गरजेपेक्षा जास्त बनतात; कमी वापरातल्यांवर सी१क्यू, सी३ या प्रथिनांची खूण लागते आणि मायक्रोग्लिया त्यांना गिळतात. २०१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने मृत्यूनंतरचे मेंदू तपासले. बालपणापासून किशोरवयाच्या अखेरीपर्यंत सिनॅप्सचे काटे (चेतापेशींवरचे बारीक उंचवटे, जिथे सिनॅप्स बनतात) ऑटिझम नसलेल्यांत जवळपास निम्मे झाले होते, ऑटिझममध्ये फक्त १६ टक्क्यांनी घटले होते. पण त्या गटाने मुख्य दोष एमटॉर (पेशीची वाढ नियंत्रित करणारं प्रथिन) अतिसक्रिय होऊन चेतापेशींतली ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचा कचरा साफ करण्याची क्रिया) मंदावण्यावर ठेवला. हा भाग अनेक लेखांत गळतो आणि सगळं खापर मायक्रोग्लियांवर फुटतं.

जॉन्स हॉपकिन्सच्या २००५ च्या अभ्यासात मायक्रोग्लिया आणि ॲस्ट्रोसाइट दोन्ही सक्रिय दिसले होते. मात्र असे नमुने थोडे असतात, आणि बुडून किंवा अपस्माराच्या झटक्यात मृत्यू झाला असेल तर प्राणवायूच्या अभावानेही मायक्रोग्लिया सक्रिय होतात. जिवंत माणसांवरचे पेट स्कॅनही एकमेकांशी जुळत नाहीत: २०१३ मध्ये टीएसपीओची (मायक्रोग्लिया सक्रिय झाल्याची खूण मानल्या जाणाऱ्या प्रथिनाची) पातळी वाढलेली आढळली, २०२० मध्ये घटलेली. शिवाय टीएसपीओ फक्त मायक्रोग्लियांत नसतं.

उपचारांकडे मी म्हणूनच सावधपणे पाहतो. मायक्रोग्लिया दबवणारं मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक ऑटिझम असलेल्या ११ मुलांना देऊन पाहिलं गेलं (२०१३). वागण्यात ठोस सुधारणा दिसली नाही. आठ वर्षांखालच्या मुलांत ते दातांवर कायमचे डाग पाडू शकतं. रेट सिंड्रोम (मेंदूच्या वाढीचा एक जनुकीय आजार) असलेल्या उंदरांत अस्थिमज्जा बदलून फायदा झाल्याचं २०१२ मध्ये छापून आलं, पण २०१५ मध्ये इतर प्रयोगशाळांना तो मिळाला नाही.

'मेंदूतली सूज उतरवतो' म्हणत स्टेम सेलचं पॅकेज सांगणारे भेटतील. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑटिझमसाठी हे केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतं. चाचणी आहे असं कुणी म्हणालं, तर सीटीआरआयचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा आणि पैसे मागितले तर तिथून उठा.