ब्राऊन बेल्टवर अडलंय गाडं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की माझ्या कराटेच्या क्लासात व्हाईट बेल्ट बांधून येणाऱ्या वीसेक मुलांतलं एखाददुसरंच ब्लॅकपर्यंत पोचतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं पान त्यालाच दिलंय. सगळी छापणं शक्य नाही, चार घेतलीत.

ताई नमस्कार, माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, सातव्या वर्षापासून कराटेला जातोय. ब्राऊन बेल्ट होऊन दोन वर्षं झाली. दिवाळीपासून रोज संध्याकाळी साडेपाच वाजले की कटकट सुरू, पोटात दुखतंय, प्रोजेक्ट राहिलाय, काहीतरी. परवा तर गी (कराटेचा ड्रेस) घालून तयार झाला आणि जिन्यातच बसून राहिला. विचारलं तर "बोअर होतं" एवढंच. मिस्टर म्हणतात ब्लॅक बेल्ट झाल्याशिवाय सोडायचं नाही, सहा वर्षांची फी काय पाण्यात घालायची? सासूबाई म्हणतात जाऊ दे, पुढच्या वर्षी नववी. मी मधल्यामध्ये. जबरदस्ती करावी का? — एक आई, डोंबिवली

अहो, फीचं नंतर बघू, आधी तो जिन्यात का बसला ते बघूया. तेरा वर्षं म्हणजे उंची झपाट्याने वाढायचं वय, त्याचा गुडघा दुखतोय का ते तपासा. "दुखतो का रे" असं विचारलंत तर "नाही" म्हणेल, या वयातली पोरं नाहीच म्हणतात, त्यामुळे विचारू नका, त्याला सेइझात बसायला सांगा, म्हणजे क्लास सुरू होताना वज्रासनासारखं बसतात ना तसं, आणि त्याच्या तोंडाकडे बघा. वाटीच्या खाली, नडगीचं हाड सुरू होतं तिथे टेंगूळ आलंय आणि दाबल्यावर कळ जाते असं असेल तर सरळ ऑर्थोपेडिककडे न्या. ऑसगुड-श्लाटर म्हणतात त्याला. नाव भीतीदायक आहे पण खेळणाऱ्या वाढत्या मुलांमध्ये खूप कॉमन आहे, मांडीचा स्नायू त्या कोवळ्या जागेला सारखा ओढत राहतो आणि उड्यांनी, किकनी ती जागा आणखी चिडते. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं आपोआप थांबतं, तोवर काय करायचं आणि काय नाही ते डॉक्टर सांगतील. माझ्याकडचा एक मुलगा याच दुखण्यापायी तीन महिने "बोअर होतं" म्हणत होता आणि मी मठ्ठासारखी त्याला आळशी समजून वरून पंचवीस उठाबशा जास्तीच्या लावत होते, अजून आठवलं की वाईट वाटतं.

गुडघा ठणठणीत निघाला तर मग हे ब्राऊनचं दुखणं, आणि ते मी दर वर्षी बघते. सातव्या वर्षी तो आला तेव्हा साधारण दर चार महिन्यांनी ग्रेडिंग असणार, दर ग्रेडिंगला नवा रंग, नवा काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम), फोटो, आजीकडून शंभराची नोट. मग ब्राऊन आला आणि रंग संपले. आमच्या शोतोकान या कराटेच्या शैलीत ब्राऊनच्या तीन पायऱ्या असतात, तिसरा क्यू, दुसरा क्यू, पहिला क्यू, आकडे उलटे मोजत जायचे, पण कमरेला पट्टा तोच. पोराच्या दृष्टीने दोन वर्षांत काहीच झालेलं नाही! वर शिकवायलाही नवीन फारसं नसतं. पुन्हा हेइआन शोदान, म्हणजे पहिल्याच वर्षी पाठ केलेला तो एकवीस हालचालींचा काता, आणि सेन्सेई, म्हणजे सर, ओरडतात काय तर मागची टाच उचलतेय. खरं तर सगळा मामला त्या टाचेतच आहे, टाच उचलली की ग्याकु झुकी, म्हणजे मागच्या हाताची ठोस, नुसत्या हाताची होते, टाच जमिनीला चिकटली की तीच कमरेतून येते. बघणाऱ्याला फारसा फरक दिसत नाही, पण बॅगवर मारून घ्या, एकीचा आवाज फट् येतो आणि दुसरीचा धप्प. आता हे तेरा वर्षांच्या मुलाला कोण सांगतं? आम्ही शिक्षक "पुन्हा" एवढंच म्हणतो, चूक आमचीही आहे.

बरं, हे रंग काही हजार वर्षांचे वगैरे नाहीत. ज्युदोच्या जिगोरो कानोंनी १८८३ मध्ये पहिल्यांदा दान, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या, दिले, दानवाल्यांनी काळा पट्टा बांधायची पद्धत त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आली. शोतोकानच्या फुनाकोशींनी तेच कराटेत १९२४ मध्ये घेतलं. मधले पिवळे-केशरी-हिरवे त्याच्याही नंतरचे, १९३० च्या दशकात युरोपात ज्युदो पसरला तेव्हा ते रूढ झाले, पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या कावाइशींचं नाव त्यात मुख्य घेतात. शिकणाऱ्याला आपण पुढे सरकतोय हे दिसत राहावं, त्याने टिकावं, म्हणून. आणि नेमकं जिथे टिकणं सगळ्यात कठीण तिथेच ते रंग संपतात, आता बोला! (पांढरा पट्टा घामाने मळत मळत काळा होतो ही गोष्ट पोरांना सांगायला छान आहे, पण ती गोष्टच आहे. मी माझा आठवड्याला धुते.)

जबरदस्ती करू नका, पण "बरं सोड" असंही लगेच म्हणू नका. पुढच्या ग्रेडिंगपर्यंतचा करार करा. पाच दिवसांऐवजी तीन दिवस, आणि त्यातला एक दिवस त्याने लहानांच्या बॅचला मदत करायची. त्याच्या सेन्सेईंशी बोला, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतील कारण सहा वर्षांच्या पंधरा मुलांचे बेल्ट बांधणं हे एकट्या माणसाचं काम नाही. पट्ट्याचा मध्य बेंबीवर धरायचा, मागे फिरवून पुढे आणायचा, दोन्ही टोकं सारखी, मग गाठ, आणि चौथ्या मिनिटाला तो परत सुटून जमिनीवर. तुमचा मुलगा एखाद्या पिल्लाला "अरे मागची टाच बघ" म्हणेल ना, त्या दिवशी त्याला स्वतःची टाच कळेल, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मी ब्राऊनच्या मुलांना ही ड्यूटी लावूनच टाकते.

आणि करार संपल्यावरही नकोच म्हणाला तर नको. फक्त ते त्याने स्वतः जाऊन सेन्सेईंना समोर उभं राहून सांगायचं, तुम्ही फोन करायचा नाही. मिस्टरांना सांगा, सहा वर्षांची फी त्याच्या पायात आणि पाठीत मुरलीये, पट्टा नाही मिळाला म्हणून ती परत काढून कोणी घेत नाही.

ताई, मी १९ वर्षांची. बारावी आणि नीटसाठी क्लास सोडला तेव्हा मी पहिल्या क्यूची ब्राऊन होते. आता बीएस्सीला आहे, परत जावंसं फार वाटतं, पण माझ्यानंतर आलेल्या दोघी ब्लॅक झाल्यात आणि आता त्या माझ्या वर उभ्या राहणार. बसाई दाई हा काता पण अर्धा विसरलेय. हसतील सगळे. — नाशिकहून एक

अगं, हसत नाहीत. पहिली दहा मिनिटं कसंनुसं होतं, मग वॉर्मअप सुरू होतो आणि ज्याला त्याला स्वतःच्या श्वासाची पडलेली असते.

माझं सांगते. शोदानच्या, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या, पहिल्या परीक्षेत मी नापास झालेय. तोच तुझा बसाई दाई. अर्ध्यात आल्यावर डोकं एकदम कोरं. हात हवेत, पाय जागेवर, परीक्षकांनी पेन खाली ठेवून वाट बघितली, बराच वेळ बघितली, शेवटी "यामे", म्हणजे थांब, म्हणाले. माझ्याबरोबरचे पाचही जण पास झाले. येताना लोकलमध्ये लेडीज डब्यात मी खिडकीकडे तोंड करून रडतेय आणि बाजूच्या मावशी मटार सोलता सोलता मला दाणे देतायत, काही न विचारता. त्यानंतरचे सहा महिने मी त्या पाच जणांच्या मागे उभी राहिले, त्यातली एक तर माझ्या शाळेतली ज्युनिअर. पहिला आठवडा पोटात गोळा यायचा, दुसऱ्या महिन्यात विसरले कारण तिची मावाशी गेरी, म्हणजे बाजूने फिरवून मारायची किक, इतकी सुंदर होती की मागे उभं राहून बघायला मिळते हा फायदाच वाटायला लागला.

आता कामाचं. काता विसरला म्हणतेस, तो चार क्लासमध्ये परत येईल, पायांना आठवतो तो, तू डोक्याने आठवायला जाऊ नकोस, ओळीत उभी राहा आणि बाकीच्यांबरोबर चाल. स्नायूंचं मात्र उलटं, त्यांना दोन वर्षांपूर्वीची तू आठवत नाहीस. डोकं ब्राऊन बेल्टचं आणि मांड्या व्हाईट बेल्टच्या, या कॉम्बिनेशनमध्येच लोक हॅमस्ट्रिंग ओढून घेतात आणि पुन्हा घरी बसतात. त्यामुळे पहिले सहा आठवडे किका कमरेच्या वर नाहीत, झेनकुत्सु दाची, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून उभं राहणं, थोडी उंचच ठेव, आणि स्पारिंग, म्हणजे कुमिते, अजिबात नाही. सेन्सेईंना आधीच सांगून ठेव म्हणजे ते सगळ्यांसमोर "खाली बस अजून" म्हणून ओरडणार नाहीत.

आणि एक गंमत, तुला माहीतही असेल. हेइआन शोदान या पहिल्या कात्यातलं "शोदान" आणि ब्लॅक बेल्टची पहिली पायरी "शोदान", जपानीत शब्द एकच आहे, अक्षरंही तीच. शो म्हणजे पहिला, सुरुवातीचा. त्या दोघी तुझ्या पुढे निघून शेवटाला पोचल्या असं जे तुला वाटतंय ना, त्या पहिलीत गेल्यात फक्त. तू बालवाडीच्या गेटवर आहेस, सोमवारी जा.

सहा वर्षांच्या मुलीसाठी क्लास बघतोय. एका ठिकाणी "१८ महिन्यांत ब्लॅक बेल्ट गॅरंटीड" असं पॅकेज आहे, सगळ्या ग्रेडिंगची फी आत्ताच भरली तर डिस्काउंट. दहावीला मार्कांनाही उपयोग होईल म्हणतात. घ्यावं का? — एक बाबा, पुणे

नाही. गॅरंटी मिक्सरला असते.

आता थोडं नीट. दीड वर्ष हा आकडा तेवढ्यापुरता वाईट नाही, रोज दोन-दोन तास घाम गाळणारा कॉलेजचा मुलगा जपानात दोनेक वर्षांत शोदान होतो, तिथे त्याचं एवढं अप्रूपही नाही. पण तुमची मुलगी पॅकेज संपेल तेव्हा साडेसात वर्षांची असेल. तायक्वांदोत तर सोलच्या कुक्कीवॉन या त्यांच्या मुख्य संस्थेने यासाठी वेगळी सोयच केलीये, १५ वर्षांखालच्या मुलांना दान देत नाहीत, पूम देतात, त्याचा पट्टा अर्धा लाल अर्धा काळा. त्यांनाही माहितीये की लहान मूल काता सुंदर करू शकतं पण ती गोष्ट वेगळी आणि ब्लॅक बेल्ट असणं वेगळं.

दहावीचे सवलतीचे क्रीडागुण खेळाडू ठरावीक पातळीवरच्या मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळला का यावर असतात, पट्ट्याचा रंग कोणी विचारत नाही. क्लासवाल्यांना एकच प्रश्न विचारा, मागच्या ग्रेडिंगला किती जण नापास झाले? "आमच्याकडे कोणी नापास होत नाही" असं अभिमानाने सांगितलं की चप्पल घाला आणि निघा. आणि तिचा पहिला महिना तुम्हाला मागे भिंतीला टेकून बसू देत नसतील तरी निघा.

ताई, मी ४४ चा, बँकेत नोकरी. मुलीला क्लासला सोडायला जायचो, दीड तास बाहेर मोबाईल बघत बसण्यापेक्षा आत शिरलो. आता ऑरेंज बेल्ट आहे. माझ्या बाजूला आठ-नऊ वर्षांची पोरं, किक कमरेच्या वर जात नाही, दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसताना "आई गं" होतं. ब्लॅक बेल्ट होणं माझ्या वयात खरंच शक्य आहे की मी उगाच हौस करतोय? — कोल्हापूरहून एक

शक्य आहे, आणि हौसच करा की, तालमींच्या गावात राहून हे मला विचारताय होय! तुमच्याकडे म्हातारे वस्ताद हौद्याच्या कडेला उभे राहून पोरांचे डाव दुरुस्त करतात ते काय हौस म्हणून नाही?

किक कमरेच्या वर जायची गरजच नाही. माए गेरी, म्हणजे समोरची सरळ किक, पोटात मारायची असते, पोट कमरेच्या जरा वर, तेवढी येईल हळूहळू. कराटे जिथे जन्मलं त्या ओकिनावाच्या जुन्या कात्यांमधल्या बऱ्याचशा किका खालच्याच आहेत, डोक्यावरच्या किका हे पुढच्या काळातलं आणि स्पर्धांचं प्रकरण. तुम्ही गुडघा नीट वर घ्या, परत नीट मागे आणा, परीक्षक तेच बघतो. पोरांची किक सरांच्या कानापर्यंत जाते पण गुडघा आधी उचलत नाहीत, लक्ष देऊन बघा.

तुमचा खरा प्रश्न दुसऱ्या दिवसाचा आहे. सलग दोन दिवस जाऊ नका, सोमवार-गुरुवार असं अंतर ठेवा, जमलं तर शनिवार. या वयात क्लास आठवड्याला दोन झाले तरी चालतात पण महिना रिकामा गेला की दोन महिने मागे, आणि बँकेत मार्चला काय होतं ते तुम्हीच मला सांगाल. मार्चमध्ये घरी पाच मिनिटं हेइआन, बस्स, चड्डी-बनियनवर केला तरी चालतो. बदकचाल आणि पूर्ण बसून उड्या लावत असतील तर हात वर करून "सर, माझं नाही" म्हणा, त्यात काही कमीपणा नाही, मी स्वतः चाळिशीनंतर त्या बंद केल्यात. कालनिर्णयवर गेलेल्या दिवसाला गोल करा, बायको दुधाच्या खाड्यांना फुली मारते त्याच पानावर, म्हणजे कोणाचे खाडे जास्त ते दिसेल. या हिशेबाने सहा-सात वर्षं धरा. माझ्याकडे एक काका एकावन्नाव्या वर्षी शोदान झाले, तीनदा मधे सोडून, एकदा हर्नियाचं ऑपरेशन करून.

मुलगी कुठल्या बेल्टवर आहे ते लिहिलं नाहीत. तुमच्या पुढे असेल तर क्लासात तीच सीनिअर, "ओस्स" म्हणून आधी तुम्ही वाकायचं, दप्तर भरलं का ते घरी गेल्यावर विचारा.