नववीच्या पोरांकडून इंग्रजी पॉडकास्ट लिहून घ्यायचाय? मग हे वाच

अगं, पहिल्याच तासाला रेकॉर्डिंगचं ॲप काढू नकोस, पोरं त्यातच रमतात आणि लिहायचं राहूनच जातं. आधी विषय छोटा करून घे. नुसतं "इंदूर" म्हणजे काही विषय नाही, पण सराफ्यात रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की तिथेच खाण्याचे ठेले कसे लागतात, हा विषय झाला. मग गराडूवाल्याला (गराडू म्हणजे तळून मसाला लावलेला कंद) काय विचारायचं ते पोरांनी घरूनच लिहून आणायचं. उत्तरं हिंदीत येतील, येऊ देत, ती इंग्रजीत सांगताना पोरं जे शब्द शोधतात ना, तेवढे धड्यात कधी शोधत नाहीत.

बोलताना मिनिटाला साधारण 130 ते 150 शब्द जातात, म्हणजे 3 मिनिटांना 400 शब्द पुष्कळ झाले.

खरी मेहनत स्क्रिप्टवर घे. पोरं निबंध लिहितात, "गराडू इज अ फेमस डिश ऑफ इंदूर", यात ऐकणाऱ्याला काय मिळालं? त्यापेक्षा "हिअर दॅट? दॅट्स गराडू, गोइंग इंटू हॉट ऑइल" आणि मागे कढईचा चर्र आवाज, बघ कसं ऐकावंसं वाटतं! एका श्वासात न होणारं वाक्य सरळ तोडायचं. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं, जिथे अडलं तिथे हात वर, तेवढंच पुन्हा लिहायचं.

रेकॉर्डिंगला मोबाइल पुरतो, फक्त वर्गातला पंखा बंद कर. आणि ठेलेवाल्याचा आवाज घ्यायच्या आधी त्याला विचारायला लाव हं पोरांना.