जुना गोठा, कोठार आणि पेव : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : राजापूरजवळील आमच्या जांभ्याच्या जुन्या गोठ्यात पर्यटकांसाठी दोन खोल्या करायच्या आहेत. भिंतींचा खालचा कंबरभर गिलावा दर वर्षी सुटतो. गवंडी सिमेंटचा गिलावा सुचवतात. करावा का?

उत्तर : करू नये. गोठ्याच्या भिंतींत वर्षानुवर्षे गोमूत्र मुरून नायट्रेटचे क्षार साठतात. पावसाळ्यात ते हवेतला दमटपणा शोषून घेतात आणि भिंत सुकू लागली की त्यांचे स्फटिक गिलाव्याला आतून ढकलतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. सिमेंटने ओल आत कोंडून वर सरकते आणि लाकडांच्या टोकांपर्यंत पोहोचली तर ती कुजतात. म्हणून ओलीच्या रेषेवर हातभर जाईपर्यंत जुना गिलावा काढा, भिंत एक उन्हाळा उघडी ठेवा आणि वर येणारी पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाका. पाण्याने धुतल्यास ती पुन्हा दगडात मुरते. मग चुना-वाळूचा गिलावा द्या. पहिला थर उरलेले क्षार ओढून घेत बहुधा खराब होईल, पण तो त्यासाठीच द्यायचा असतो. गव्हाण मात्र तोडू नका, ही आग्रहाची विनंती. गुरांच्या मानांनी घासून गुळगुळीत झालेली तिची कड कोणताही कारागीर नव्याने घडवू शकणार नाही, आणि वर फळी टाकली की बसायला उत्तम बाक होतो.

प्रश्न : देशावरच्या आमच्या वाड्यातील धान्याच्या कोठाराला एकही खिडकी नाही. तिथे वाचनालय करायचे आहे. भिंत फोडावी का?

उत्तर : धान्य कोरडे आणि सुरक्षित राहावे म्हणूनच अशा भिंती बंद ठेवत. पन्हाळ्याच्या अंबरखान्यात तर बाहेरच्या पायऱ्यांनी छपरावर जाऊन तिथल्या छिद्रांतून धान्य आत ओतले जाई. तुमच्या भिंतीचे बाहेरचे दोन थर दगडी आणि मधला भराव मातीचा असेल, तर खिडकी फोडताना तो भराव ढासळतो. माळवदातील, म्हणजे मातीच्या सपाट छपरातील, सवणे (उजेडासाठी ठेवलेली भोके) मोठी न करता साफ करून त्यांवर काच बसवा, वायुवीजनाला बाजूने फट ठेवा आणि वाचायची मेजे दाराजवळ मांडा.

प्रश्न : त्याच वाड्याच्या अंगणातल्या पेवाचे, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्याचे, तळघर करता येईल का?

उत्तर : नाही. पेवात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो. दिवा जळतो म्हणून हवा चांगली आहे, असे समजू नका. अरुंद तोंडाखेरीज बाहेर पडायला दुसरी वाट नसल्याने तिथे माणसे बसवणे योग्य नाही. तोंडावर लोखंडी जाळी पक्की करा आणि अंगणातले पाणी आत जाणार नाही असा उतार काढा.