'लोहविद्युत' म्हणावं का?

सांगलीत भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "बेरियम टायटनेटच्या पातळ फिल्मवरचा प्रकल्प मराठीत लिहायचा आहे. 'फेरोइलेक्ट्रिक'साठी 'लोहविद्युत' चालेल का? माझ्या नमुन्यात तर लोखंड नावालाही नाही."

माझं स्पष्ट मत आहे की 'लोहविद्युत' टाळा आणि 'फेरोविद्युत' किंवा सरळ 'फेरोइलेक्ट्रिक' लिहा.

फेरोइलेक्ट्रिक हा गुणधर्म भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ वालासेक यांना १९२० साली सापडला तो रोशेल मिठात. तासगावच्या द्राक्षांत जे टार्टारिक आम्ल असतं, त्याचाच हा सोडियम-पोटॅशियम क्षार, म्हणजे तिथेही लोखंड नव्हतंच. सारखी होती ती फक्त वागणूक. विद्युतदाब वाढवत नेला की ध्रुवण (धन आणि ऋण प्रभार एकमेकांपासून किंचित सरकणं) वाढतं आणि एका टप्प्यावर थांबतं. दाब शून्यावर आणला तरी थोडं ध्रुवण उरतंच आणि ते पुसायला उलटा दाब द्यावा लागतो. चुंबकक्षेत्रात लोखंड असंच वागतं, म्हणून 'फेरो', म्हणजे लोखंडासारखं. रशियनमध्ये मात्र हे मीठ प्रथम बनवणाऱ्या सेन्येत यांच्या नावावरून 'सेग्नेटोइलेक्ट्रिक' म्हणतात, तिथे लोखंडाचा प्रश्नच येत नाही.

वागणूक सारखी असली तरी कारण अगदी वेगळं आहे, आणि 'लोह' शब्द नेमका तिथेच घोटाळा करतो. लोखंडात इलेक्ट्रॉनांचे स्पिन (प्रत्येकाचं इवलंसं चुंबकत्व) एका दिशेला लागतात. बेरियम टायटनेटमध्ये अख्खा आयन (प्रभार असलेला अणू) जागचा हलतो. घनाच्या कोपऱ्यांवर बेरियम, प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर ऑक्सिजन आणि पोटात टायटॅनियम, अशी ही पेरोव्हस्काइट रचना. सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर घन सगळ्या बाजूंनी सारखा असतो. त्याखाली तो एका बाजूने जेमतेम एक टक्का लांबतो आणि टायटॅनियम मध्यापासून किंचित सरकतो. बाहेरच्या विद्युतक्षेत्राने त्याला विरुद्ध बाजूला ढकलता येतं. एवढी सरक हेच त्या ध्रुवणाचं मूळ.

'फिल्म'ला 'तनुपटल' असा शब्द आहे, पण प्रयोगशाळेत सगळे 'फिल्म'च म्हणतात. तोंडात बसलेला शब्द बदलायचं कारण मला दिसत नाही. 'थर'ही चालेल, मात्र एकावर एक लेप देऊन फिल्म केली असेल तर एका लेपाला 'थर' आणि सगळ्यांना मिळून 'फिल्म' म्हणा, म्हणजे जाडीचा आकडा कशाचा ते कळेल.

आता 'फेरोविद्युत' हे विशेषण कधी लावायचं? विद्युतदाब आणि ध्रुवण यांच्या आलेखात नुसता बंद वळसा, म्हणजे लूप, मिळाला म्हणून नाही. फिल्ममध्ये ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा राहिल्या की विद्युतप्रवाह गळतो, लूप फुगतो आणि टोकं गोल होतात. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स स्कॉट यांनी २००८ मध्ये केळीच्या सालीचा तसाच लूप छापून दाखवला होता. क्ष-किरण आलेखात (००२) आणि (२००) ही शिखरं, म्हणजे घनाच्या लांब आणि आखूड बाजूंच्या खुणा, वेगळी दिसली तर रचना लांबल्याचा चांगला पुरावा मिळतो. पण कण बारीक असले की ती एकमेकांत मिसळतात, तेव्हा त्यावर एकट्यावर विसंबू नका. लूपची टोकं निमुळती आहेत का, प्रवाहाच्या आलेखात ध्रुवण उलटतानाचं शिखर येतं का, तेही बघा.

बिस्मथ फेराइटमध्ये खरोखरच लोह आहे. तरी त्यालाही 'लोहविद्युत' म्हणू नये, कारण त्यातलं ध्रुवण मुख्यतः बिस्मथमुळे येतं. लोहाचा वाटा आहे तो त्याच्या चुंबकत्वात.