दोन्ही पाय एकाच बाजूला ठेवून पहिल्यांदाच घोड्यावर बसणार आहे. पडायची भीती कितपत खरी आहे?

वाटते तितकी नाही. खोगीर मात्र साइडसॅडलचंच हवं, साध्या खोगिरावर हा प्रयोग नको. साइडसॅडलला डाव्या अंगाला दोन शिंगं, म्हणजे मांड्या अडकवायचे वाकडे खुंट, असतात. उजवी मांडी वरच्या शिंगावरून येते, डावी खालच्या वाकड्या शिंगाखाली राहते. रिकीब एकच, डाव्या पायाला. घोडा बिचकला की डावी टाच उचलून मांडी वर दाबायची, उजव्या पायाने वरचं शिंग आवळायचं. पकड चांगलीच घट्ट बसते. हे खालचं शिंग १८३० च्या सुमारास आलं आणि मग बायका या बैठकीत अडथळ्यांवरूनही बिनधास्त घोडे उडवू लागल्या.

नवशिके चुकतात ते वजनात. सगळा भार रिकिबीवर टाकला की खोगीर डावीकडे सरकतं आणि घोड्याची पाठ सोलते (त्याची बिचाऱ्याची काय चूक!). भार उजव्या मांडीवर, दोन्ही खांदे सरळ पुढे. घोड्याला उजवीकडून इशारा द्यायचं उजव्या पायाचं काम इथे छडी करते, म्हणून तिला सरावलेलाच घोडा मागा. दुडकी चाल नंतर. एक धोका खरा आहे: घोडाच कोसळला, तर या बैठकीतून पटकन सुटता येत नाही. हेल्मेट हवंच.